रेस दिली की काटा खाली

दिवा पहिल्यांदा पेटला तेव्हा गाडीत दूध होतं. गाव सोडलं की लगेच एक चढ लागतो. तिथं दुसऱ्या गिअरवर पिकअप ओढत होतो, मागे कॅन एकमेकांना घासत होते, आणि स्टिअरिंगच्या मागचा तो बारका लाल दिवा लागला. किटलीसारखं चित्र आणि तिच्या तोटीतून पडणारा एक थेंब. विझला. परत लागला आणि लागूनच राहिला.

मला आधी इंजिनाची काळजी वाटायला हवी होती. पण मनात आलं ते, 'आता मी काय केलं?' या घरात काहीही मोडलं की मला आधी तेच वाटतं. म्हशीनं चरवी लाथाडली, नळाची तोटी गळायला लागली, मालकीणबाईंच्या, आक्कांच्या, मोबाइलचा आवाज गेला, तरी मी मनातल्या मनात शोधत बसतो की शेवटी हात आपला लागला होता का.

माझं गाव किनवटच्या बाजूला, इथून एका दिवसात पोचता येत नाही. शाळा नववीत सोडली. ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो, आणि त्या ट्रकच्या मालकानं कोल्हापुरात ट्रक विकला तेव्हा माझं काय करायचं हे त्याला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. दुधाच्या शीतकरण केंद्रावर लोकांचे कॅन विसळून देत होतो. तिथं आबांनी बघितलं. राधानगरी रोडवरच्या आपल्या गावातनं आजूबाजूच्या वाड्यांचं दूध गोळा करून ते केंद्रावर आणायचे. नाव नाही विचारलं, जात नाही विचारली. "जेवलास का?" म्हणाले. मी नाही म्हणालो. "मग बस की गाडीत." त्यांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत मी आजही राहतो. गाडी त्यांनी शिकवली, लायसन त्यांनी काढून दिलं, आणि डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागल्यावर स्टिअरिंग माझ्या हातात दिलं.

तर मी चढावरच गाडी बाजूला घेऊन बंद केली. एवढं मला ठाऊक होतं. हा दिवा पेटल्यावर चालवायचं नाही, इंजिन कोरडं फिरतं. फोन लावला.

"आबा, ऑइलचा दिवा पेटलालाय."

"पेटलालाय म्हंजे? पेटलाय म्हण की नीट!" आमच्याकडच्या बोलण्याची त्यांना कायम गंमत वाटते. मग आवाज बदलला. "बंद केलास न्हवं?"

"केली."

"ऑइल बघ."

ऑइल मोजायची गेजपट्टी काढून पुसली, परत घातली, काढली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं. काळं होतं, पण होतं. थोड्या वेळानं चालू करून बघितली तर दिवा गायब. मला बरं वाटलं, आणि लगेच भीती वाटली की आबांना वाटेल हा उगीच घाबरतो. चढ चढायला लागलो आणि वर पोचायच्या आत दिवा परत हजर. मग मात्र हललो नाही. शेजारच्या गावचा दुधाचा टेम्पो मागून येत होता, त्याच्यात कॅन चढवले. दूध वाचलं. गाडी दोरीनं ओढून मिस्त्रींच्या गॅरेजला नेली, पुढच्या गाडीत आबा स्वतः बसून आले.

मिस्त्री मूळचे पेठ वडगावचे. आमच्या रस्त्याला गॅरेज टाकून त्यांचे केस पिकले. शुक्रवारी दुपारी नमाजाला गॅरेज बंद असतं. मी त्यांना चाचा म्हणतो. आबांची आणि त्यांची दोस्ती आबा बैलगाडी सोडून पहिल्यांदा टेम्पोवर बसले तेव्हाची, असं आक्का सांगतात. होळीच्या सुमाराला आमच्या पिकअपचं इंजिन त्यांनीच खोलून परत बांधलं होतं. त्यामुळं गाडी फाटकातून आत आली तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं मला दिसलं. आपण बांधलेलं इंजिन दोरीला बांधून परत आलं तर कुणाचंही उतरेल.

आबा एका जुन्या टायरवर बसले आणि बसल्या बसल्या सुरू झाले.

"काय मिस्त्री, बेरिंग कुठलं घातलंतास? जत्रंतलं काय?"

"थांबा की आबा. दिवा खरं बोलतोय का खोटं, आधी ते तर बघू."

त्यांनी आधी ऑइलचा स्विच बदलला. इंजिनाच्या अंगाला बसवलेला एक बोटाएवढा तुकडा असतो, आतला दाब कमी झाला की तो दिव्याला सांगतो. कधी कधी तोच खराब होतो आणि सगळं ठीक असताना बोंब मारतो. नवा बसवून गाडी चालू ठेवली. मी मनात म्हणत होतो, स्विचच असू दे. तापल्यावर रेस दिली आणि दिवा लागला.

"खरं बोलतोय," चाचा म्हणाले.

मग स्विच काढून त्याच भोकात त्यांनी घड्याळासारखं एक मीटर जोडलं आणि मला म्हणाले, "बस आत. मी सांगीन तशी रेस दे, हळूहळू." मी बसलो. ते मीटर हातात धरून वाकले होते.

"दे. अजून दे. अजून. बास." मग पुटपुटले, "आयला."

"काय झालं?" आबा.

"रेस दिल्यावर काटा वर जायला पायजे, आबा. हितं खाली येतोय."

"मग बेरिंगच की!"

"न्हाई. बेरिंग झिजलं असतं तर गाडी स्लोला उभी असताना काटा पडला असता आणि रेस दिल्यावर उठला असता. हे उलटं हाय. स्लोला बरं हाय, पळवायला लागलं की पडतंय." त्यांनी हाताची मूठ तोंडाजवळ नेऊन ओढल्यासारखं केलं. "पंप ओढतोय, पर त्येला ऑइल मिळंना झालंय. खाली जाळी हाय तिच्यात कायतरी अडकलंय."

आबांना ते पटलं नाही, किंवा पटून घ्यायचं नव्हतं. "घे, आता जाळी! सकाळी स्विच, दुपारी जाळी, सांजच्याला आमचं नशीब."

चाचा हसले. मी हसलो नाही. कारण 'जाळीत कायतरी' हे शब्द ऐकले आणि ते काय असेल हे मला तिथंच, सीटवर बसल्या बसल्या कळलं.

होळीनंतर इंजिन बांधून मिळालं तेव्हा आबांनी ठरवलं होतं की गाडी दुधाला लावायच्या आधी जोतिबाला न्यायची. रविवारी गेलो. आक्का दवणा घ्यायला खालच्या दुकानांकडे थांबल्या. डोंगरावर गाडी उभी करून आबांनी बॉनेट उघडायला लावलं, नारळ फोडला, इंजिनावर गुलाल टाकला. मग म्हणाले, "ऑइलचं झाकण काढ."

मी काढलं.

"बैलाला नुसता कपाळाला लावून भागत न्हाई. थोडा गव्हाणीत बी टाकायचा. हे बी जनावरच हाय आपलं." आणि 'चांगभलं' म्हणून त्यांनी गुलालाची मूठ त्या तोंडात सोडली. चिमूट नव्हे, मूठ. वाऱ्यानं थोडा उडाला, बाकीचा आत गेला.

इंजिन बांधून दिलं त्याच दिवशी चाचांनी मला बजावलं होतं, हे झाकण उघडं असलं की वाऱ्याकडे पाठ करून उभा राहा, धूळ आत जाऊ देऊ नको. ते मला आठवत होतं. झाकण हातात धरून मी आबांकडे बघत होतो. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मी म्हणालो, "झालं आबा." आणि झाकण लावून टाकलं. ज्या माणसानं जेवायला घातलं त्याला देवाच्या दारात, 'असं करू नका' कुणी म्हणायचं? मी तरी नाही.

आणि आता चाचा गाडीखाली झोपून चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे, बोल्ट सोडत होते.

ऑइल ट्रेमध्ये पडलं. चेंबर खाली आलं. मग त्यांनी पंपाला लागलेली जाळी सोडवली आणि हातात घेऊन उजेडात आले. बारीक तारेची, वाटीएवढी जाळी. ती दिसतच नव्हती. तिच्यावर काळपट लाल रंगाचा लगदा थापल्यासारखा बसला होता. चाचांनी थोडा अंगठ्यावर घेतला, बोटानं चोळला. काळं निघून गेलं आणि अंगठ्याच्या रेघांमध्ये गुलाबी राहिलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तेवढ्यावरनंच त्यांना जे कळायचं ते कळलं.

टायरवरनं आबा ओरडले, "काय घावलं?" एवढ्या अंतरावरनं त्यांना जाळीसुद्धा दिसत नव्हती.

चाचांनी अंगठा फडक्याला पुसला. मग म्हणाले, "पेस्ट हाय, आबा. चेंबर बसवताना कडंला लाल पेस्ट लावत्यात न्हवं, गळू नये म्हणून. ती जास्त झालती. आतल्या बाजूला सुटून जाळीवर बसली."

"मग चूक कुणाची?"

"माझीच की."

"मग! मी काय म्हणत होतो मगापासनं?" आबांनी मांडीवर थाप मारली. त्यांना खरंच आनंद झाला होता. भांडण जिंकल्याचा आनंद. "म्हातारा झालास मिस्त्री. आता नुसत्या सायकली दुरुस्त कर!"

"व्हय व्हय. करतो."

जाळी त्यांनी स्वतः धुतली. एरवी धुवायचं काम मला सांगतात. डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवून ब्रशनं घासली, ते गुलाबी डिझेल आबांच्या बाजूनं न नेता मागच्या दारानं जाऊन ओतून आले. नवं ऑइल, नवा फिल्टर घातला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. मीटर लावून मला परत रेस द्यायला लावली. काटा वर गेला आणि तिथंच थांबला. "जा आता," म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला वाटलं, आता विचारतील. विचारलं नाही.

मला तेव्हा वाटलं की केवढा मोठा माणूस आहे हा. म्हाताऱ्या मित्राचं मन मोडू नये म्हणून चूक अंगावर घेतली. घरी जाताना मी आबांच्या शेजारी गप्प बसून गाडी चालवत होतो, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. गाडी वाचली, आबा खूश, चाचा काही बोलले नाहीत, माझं नाव कुठंच आलं नाही.

ते हलकेपण केंद्रावरच्या रांगेत संपलं.

दुधाच्या गाड्या तिथं एकामागे एक लागतात आणि नंबर येईपर्यंत सगळे खाली उतरून गप्पा मारतात. आबा कधीमधी माझ्याबरोबर येतात, मग काय, सभाच. त्यांनी ती गोष्ट सांगितली. मग परत सांगितली. सांगता सांगता ती वाढत गेली. लाल पेस्ट डब्यानं ओतली होती. मिस्त्रीची नजर गेली. हात थरथरतो. "चांगला हात होता त्येचा, खोटं कशाला बोलू. पर वय कुणाला सुटलंय?"

माणसं ऐकत होती. काही दिवसांनी रांगेतल्या एका ड्रायव्हरनं गाडी दुसरीकडे नेऊन क्लच बदलून घेतला. मग दुसऱ्या एकानं इंजिनाचं काम काढलं आणि तेही चाचांकडे दिलं नाही. मी गॅरेजवरनं जाताना बघायचो, अंगणात गाड्या कमी दिसायच्या. चाचा बाहेर बाकावर बसलेले असायचे. मला हात करायचे. मी हॉर्न वाजवायचो आणि समोर बघायचो.

जेवण जायचं नाही. आक्का विचारायच्या, "पोटात दुखतंय काय रं? का घरची आठवण?" मी मान हलवायचो. दोन्ही बाजूला, म्हणजे त्यांना काय समजायचं ते समजू दे.

एका रात्री जेवताना आबा पाहुण्यांना फोनवर तीच गोष्ट सांगत होते. फोन ठेवला तेव्हा मी म्हणालो, "आबा, ती पेस्ट नव्हती."

"आं?"

"गुलाल होता."

आक्का भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. "कसला गुलाल?"

मी सांगितलं. जोतिबा, झाकण, मूठ, जाळी, चाचांचा गुलाबी अंगठा. सांगताना आबांकडे न बघता ताटाकडे बघत होतो. मग आक्काच म्हणाल्या, "अवो, इंजिनात घालत्यात व्हय गुलाल? खुळं का काय म्हणायचं तुम्हास्नी!"

आबा त्यांच्याकडे वळलेच नाहीत. मला म्हणाले, "तुला तवाच ठावं हुतं?"

"चाचांनी सांगितलं होतं, धूळ जाऊ देऊ नको म्हणून."

"मग तितंच का बोलला न्हाईस?"

"तुम्हाला कसं बोलू?"

"म्हंजे? मी काय खातोय व्हय तुला? एवढी वर्सं झाली, कवा हात उगारला? कवा उपाशी ठेवला?" आवाज चढला होता, पण राग वाटत नव्हता, दुसरंच काहीतरी वाटत होतं. "मालक हाय म्हणून गप बसलास. व्हय का न्हाई?"

मी भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला. माझ्या त्या गप्प बसण्याला मी आदर समजत होतो. आबांना मात्र त्यात आपण मला परके असल्यासारखं वाटलं. त्यांनी हात धुतला आणि गोठ्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावल्याशिवाय गाडीत येऊन बसले. केंद्रावर रांग लागली, सगळे खाली उतरले, आणि आबांनी कॅनवर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं.

"ऐका रं. मिस्त्रीची चूक न्हाई. इंजिनात गुलाल म्या घातलाता. ह्या हातानं."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग जो हशा उठला तो थांबेना.

"आबा, नैवेद्य बी दावलासा काय?"

"पुरणाची पोळी रेडिएटरात!"

"म्हणून गाडी एवढी भक्तीनं चालत हुती व्हय!"

आबा हसत होते. हसताना डोळ्यांना पाणी येतं त्यांच्या, मोतीबिंदूमुळं, ते पुसत होते. मला तिथं उभं राहवेना. मी कॅन उतरवायला गेलो.

परतताना म्हणाले, "गॅरेजला घे."

चाचा एका रिकाम्या इंजिनाजवळ बसून बोल्ट पुसत होते. आबा टायरवर बसले नाहीत. उभेच राहिले.

"खोटं का बोललास?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग बोल्टाकडे. "कशाबद्दल, आबा?"

"गुलालाबद्दल. मला शिव्या द्यायच्यास. म्हणायचं, आबा, अक्कल कुठं गहाण ठेवलीस? मी ऐकलं नसतं व्हय तुझं?"

"जाऊ दे की. झालं ते झालं."

"जाऊ दे कसं? माझ्यामुळं तुझं नाव खराब झालं. मीच केलं. आणि तू गप?"

चाचांनी एक बोल्ट पुसून बाजूला ठेवला, दुसरा घेतला. "देवाच्या गुलालानं इंजिन बिघडलं, असं माझ्या तोंडानं कसं सांगायचं, आबा? तुम्ही समजून घेतलं असतं. पर तुमचं ऐकून अजून चार जण सांगणार. त्यातला एक कसा सांगंल, काय ठावं."

"असं कोण हाय आपल्याकडं?"

"कोण न्हाई. तरी बी." मग खाली बघूनच म्हणाले, "दिवस तसलं हायत. पेस्ट म्हणलेली बरी."

आबा खाली बसले, टायरवर नाही, चाचांच्या शेजारी जमिनीवर, गुडघे दुखत असताना. बोल्टांच्या ढिगातला एक उचलला आणि धोतराच्या टोकानं पुसायला लागले. "धोतर खराब हुतंय, आबा," चाचा म्हणाले. "हुंदे," आबा म्हणाले.

मी गाडीला टेकून उभा होतो. इतके दिवस मला वाटत होतं की चाचांनी मैत्रीसाठी चूक अंगावर घेतली, आणि त्या विचारानं माझं गप्प बसणं मला थोडंफार चालून जात होतं. मोठ्या मनाच्या माणसाचं मोठेपण आपण का मोडावं, असं. त्यात भीती असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. घाबरणं मला जन्माचं माहीत आहे. आवाज न करता, कुणाच्या नजरेत न येता कसं राहायचं हे मी घर सोडल्यापासून शिकलो. आणि माझ्यासमोर, माझ्यासारखाच एक माणूस घाबरून मान खाली घालत होता तेव्हा मला ते ओळखू आलं नाही. त्यानं तोंड बंद ठेवलं कारण त्याला बोलणं परवडत नव्हतं. मला परवडलं असतं. 'गुलाल आहे, आबा, झाकण मी धरलं होतं,' एवढं तिथल्या तिथं म्हणालो असतो तर आबांनी मला शिव्या घातल्या असत्या आणि रात्री जेवायला बोलावलं असतं. बाकी काहीच झालं नसतं.

त्या दोन गाड्यांपैकी क्लचवाली परत आली. रांगेतला हशा तिच्या ड्रायव्हरनं स्वतः ऐकला होता. ज्यानं इंजिनाचं काम दुसरीकडे दिलं त्याला मी मुद्दाम गाठलं. आबांसारखं ओरडून सांगायला मला जमत नाही, हळूच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"गुलाल असंल न्हाईतर पेस्ट," तो म्हणाला, "आता तिकडं बसलीया घडी, भावा. मिस्त्रीबद्दल माझं काय म्हणणं न्हाई."

चाचांबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. त्या ड्रायव्हरची गाडी मात्र रोज त्यांच्या फाटकासमोरनं पुढे जाते, आणि बऱ्याचदा तिच्या मागे माझी असते.